भोपळ्याचा मसाल्याचा मावा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घारग्यांवर लिहिताना भोपळ्याच्या मसाल्याच्या माव्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देते. पहिलं पत्र सविस्तर घेते, कारण बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : ताई, माझी लेक अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्या बाळंतपणाला गेले तेव्हा ऑक्टोबर होता. ब्रेडला लावायला तिने ‘पंपकिन बटर’ची बाटली आणली होती. दालचिनी-जायफळाचा वास आणि रंग आपल्या आटवलेल्या आंब्यासारखा. आता आमच्या परसात मांडवावरचे सहा भोपळे उतरवलेत. मला ते घरी करायचंय. लोणी किती घालू? आणि एकदम पंधरा-वीस बाटल्या भरून वर्षभर फडताळात ठेवता येतील का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : लोणी अजिबात घालायचं नाही. लोण्यासारखं मऊ पसरतं म्हणून त्याला बटर म्हणतात. तिकडे सफरचंदाचंही असंच करतात, त्यातही लोणी नसतं. मे महिन्यात आपण हापूसचा रस कढईत घालून आटवतो आणि मावा करतो, त्याच जातीचा हा पदार्थ. म्हणून मी त्याला मावाच म्हणते.

कृती सांगतेच, पण आधी फडताळातल्या बाटल्यांचं बोलू. तसं करू नका. मी ही चूक केलेली आहे. आंजर्ल्याजवळ आमचं घर, आगरात भोपळ्याचे वेल. एका वर्षी पीक इतकं आलं की वाटून वाटून दमलो. मी आठ बाटल्या मावा केला, बाटल्या पातेल्यात पाण्यात उकळल्या, झाकणं घट्ट लावली आणि माजघरातल्या फळीवर ओळीने मांडल्या. तीन आठवड्यांनी फळी पुसताना एका झाकणावरून बोट फिरलं. एरवी मध्ये जरा खोलगट असणारा पत्रा वर आला होता. बाकी सात बाटल्या दिसायला अगदी चांगल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, एकच बिघडली आहे, बाकीच्या ठेव. मन घट्ट करून मी आठही बाटल्या न उघडता आगराच्या टोकाला खोल खड्ड्यात पुरल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दोन दिवसांची मेहनत आणि अडीच किलो गूळ मातीत गेला होता.

असं का झालं ते मला पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठात फळप्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा समजलं. तिथल्या बाईंनी आम्हाला आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या दिल्या. लिंबाच्या रसात बुडवली तशी पट्टी लालभडक झाली. कैरीच्या पाण्यातही लालसर. भोपळा शिजवून गाळलेल्या पाण्यात बुडवली तर पिवळटच राहिली. एवढ्या एका पट्टीत सगळं आलं. भोपळ्याला स्वतःचा आंबटपणा नाही. आपलं लिंबाचं लोणचं, कैरीचा साखरांबा, कोकमाचं आगळ टिकतं ते आंबटपणावर आणि भरपूर मिठा-साखरेवर. आम्लतेच्या मापात 4.6 हा आकडा महत्त्वाचा. त्याच्या खाली पदार्थ पुरेसा आंबट, वर गेला की नाही. लिंबू दोन-अडीचच्या आसपास असतं, भोपळा पाचच्या पुढे.

कमी आंबट, ओलसर आणि झाकण बंद करून हवा तोडलेल्या पदार्थात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू मातीत असतात आणि भोपळा तर मातीवरच लोळतो. पाणी कितीही वेळ उकळा, शंभर अंशाला ते मरतीलच असं नाही. त्यांचं विष नसांवर चढतं. नजर दुहेरी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. आणि या विषाला वास, चव, रंग काही नसतो. माझ्या एका बाटलीने झाकण वर करून मला सांगितलं, पण प्रत्येक बाटली सांगेलच असं नाही. ज्या देशातून हा पदार्थ तुम्ही चाखून आलात, तिथलं कृषी खातंही सांगतं, की भोपळ्याचा लगदा किंवा असा मावा घरी बाटलीबंद करून बाहेर ठेवू नका. लेकीच्या घरची बाटली कारखान्यातली होती. तिथे आम्ल मोजून घालतात आणि प्रत्येक घाण्याची तपासणी होते.

तेव्हा सहा भोपळ्यांतला एकच फोडा. बाकीचे देठासकट ठेवा. पडवीत वाऱ्याला, जमिनीला न टेकता, वाशाला शिंक्यात टांगलेला न खरचटलेला भोपळा दोन-तीन महिने सहज राहतो. देठ मोडला की तिथूनच कुजायला लागतो. भोपळ्याची साल हीच त्याची उत्तम बाटली आहे, लागेल तसा फोडावा.

आता कृती. एक किलो भोपळा घ्या, साल आणि गाभा काढल्यावर साधारण पाऊण किलो उरेल. पाण्यात शिजवू नका. तेच पाणी पुढे तासभर आटवत बसावं लागतं. मोदकपात्रात मोठ्या फोडी पंधरा-वीस मिनिटं वाफवा, चाळणीत पसरून निथळू द्या आणि पुरणयंत्रातून काढा. मिक्सरही चालतो, पण पुरणयंत्रात धागे मागे राहतात आणि मावा रेशमासारखा होतो.

जाड बुडाच्या पसरट लंगडीत हा लगदा आधी नुसताच मध्यम आचेवर परता, दहा-पंधरा मिनिटं. कच्चा भाजीचा वास जाऊन भाजलेल्या रताळ्यासारखा वास आला की दोनशे ग्रॅम गूळ किसून घाला. गुळात खडे-काड्या असतील तर थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गूळ पडला की मिश्रण पुन्हा सैल होतं, घाबरू नका. आच मंद करा आणि लांब दांड्याचा लाकडी कालथा घ्या, कारण आता ते उडतं. वर मोठे बुडबुडे येऊन फुटतात आणि हातावर पडलेला थेंब चिकटून भाजतो. कालथा बुडाला लावूनच फिरवा. अर्ध्या तासाने आवाज बदलतो. आधी रटरट असते, मग जड, संथ फुळुक-फुळुक. कालथा ओढला की बूड क्षणभर दिसतं आणि वाट सावकाश मिटते.

मग एक लहान चमचा दालचिनीपूड, एक लहान चमचा सुंठपूड, चार लवंगांची पूड आणि चिमूटभर मीठ घालून पाच मिनिटं ढवळा. खाली उतरवा. पाव जायफळ वर किसा, दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला. जायफळ उकळत राहिलं की त्याचा वास वाफेबरोबर घरभर जातो, माव्यात राहत नाही.

झालं की नाही ते असं बघा. स्टीलची ताटली फ्रिजमध्ये ठेवून गार करा, तिच्यावर अर्धा चमचा मावा टाका, दोन मिनिटं थांबा. कडेला पाण्याची कड सुटली तर अजून आटवायचंय. कड सुटली नाही आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली तर झालं. एक किलोला साधारण अर्धा किलो मावा येतो. कोमट झाला की दोन तासांच्या आत स्वच्छ, कोरड्या बाटलीतून फ्रिजमध्ये. दहा-बारा दिवसांत संपवायचा. जास्त केलात तर लहान डब्यांत वर बोटभर जागा ठेवून फ्रीझरमध्ये घाला, तिथे तीन-चार महिने चव छान राहते. वर्षभराचा हिशोब डोक्यातून काढा. तुमच्याकडे अजून पाच भोपळे टांगलेले आहेत.

प्रश्न : मावशी, बाटल्या पाण्यात उकळून चालत नसेल तर प्रेशर कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या दिल्या तर? आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, कुकरमध्ये सगळे जंतू मरतात.
— चिपळूणहून एक सून

उत्तर : काकूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कुकरमध्ये वाफ दाबाखाली येते आणि उष्णता शंभर अंशांच्या वर, साधारण 120 अंशांपर्यंत जाते. तेवढ्याला बीजाणू मरतात हे खरं. पण ती उष्णता वाफेची झाली. माव्यासारखा घट्ट पदार्थ बाटलीच्या मधोमध किती तापला हे शिट्टी सांगत नाही. डाळीच्या डब्यातलं पाणी उकळून फिरतं, मावा जागचा हलत नाही. प्रत्येक घरचा मावा कमी-जास्त घट्ट, म्हणून त्याला खात्रीचा वेळ कोणीच ठरवून दिलेला नाही. शिवाय घरचा कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो, काचेची बाटली आत तडकू शकते. फोडी वाफवायला कुकर जरूर वापरा, बाटल्यांना नको.

प्रश्न : आमच्या वाडीत दालचिनी, जायफळ आणि रातांबे तिन्ही आहेत. विकतचं काही न आणता हा मावा होईल का? लिंबाऐवजी आमसूल चालेल का? आणि पाकिटावर लिहिलेलं ‘ऑलस्पाइस’ म्हणजे आपला गरम मसालाच ना?
— वेंगुर्ल्याहून एक बागायतदार

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. भोपळा मूळचा अमेरिका खंडातला, पण त्याला लागणारं दालचिनी-जायफळ तुमच्या दारात आहे.

दालचिनी घरची असेल तर साल पातळ, कागदाच्या सुरळीसारखी, चुरगळली की मोडणारी असते आणि वास गोडसर. बाजारात बहुतेक वेळा मिळते ती जाड, लाकडासारखी टणक साल वेगळ्या जातीची, चवीला तिखट. घरची वापराल तर दीड लहान चमचा घ्या, जाड साल असेल तर पाऊणच पुरे. विद्यापीठाची ‘कोकण तेज’ जात लावली असेल तर फांदी तोडल्यावर साल ओली असतानाच काढा आणि सावलीत वाळवा. जायफळ मात्र पूर्ण वाळलेलं हवं. हलवलं की आतली बी कवचात खुळखुळते, तेव्हा ते तयार. त्यावरची लाल जायपत्री फेकू नका, एक लहानसा तुकडा कुटून माव्यात घातला तर वास जायफळापेक्षा हळुवार येतो. मी दोन्ही घालते.

आमसूल चालेल, आणि माझ्या मते लिंबापेक्षा छान लागेल. सहा-सात आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा, ते पाणी गुळाबरोबर घाला म्हणजे आटेल. वरून मीठ घालू नका, आमसुलात बहुधा असतंच. रंग मात्र नारिंगी राहणार नाही, विटकरी होईल. पाहुण्यांसाठी रंग हवा असेल तर लिंबू, घरच्यांसाठी आमसूल. आंबट घालणार असाल तर भांडं स्टीलचं किंवा चांगल्या कल्हईचं घ्या, कल्हई गेलेल्या पितळेत हा पदार्थ करू नका. आणि हे आंबट चवीपुरतं आहे. आमसूल घातलं म्हणून बाटली फ्रिजबाहेर राहील असं समजू नका.

ऑलस्पाइस हे एकाच झाडाचं वाळवलेलं फळ आहे, मिऱ्यापेक्षा थोडं मोठं. नाव ऐकून मिश्रण वाटतं, तसं ते नाही. हल्ली कोकणातल्या काही रोपवाटिकांत त्याची रोपं मिळतात. नसेल तर लवंग-दालचिनीत काम भागतं. गरम मसाला घालू नका, धने-जिऱ्याने या माव्याची भाजी होते.

प्रश्न : ताई, तुमच्या आधीच्या टिपेवरून मी केला, पण तासभर आटवूनही पातळच राहिला. शेवटी आच वाढवली तर खाली लागला. करपट वास कसा घालवू?
— अलिबाग

उत्तर : करपट वास जात नाही, वेलची-लवंग ओतून तो झाकायचा प्रयत्न करू नका. लागलं असं कळल्याबरोबर ढवळणं थांबवून, बूड न खरवडता वरचा मावा दुसऱ्या भांड्यात ओतला तर बराच वाचतो.

पातळ राहिला याचं कारण बहुधा भोपळाच. पावसात तयार झालेला, कोवळा भोपळा पाणचट असतो. नख लावल्यावर सालीत रुतलं तर तो कोवळा. त्याची भाजी करा, भरीत करा. माव्याला पिकून सालीवर पांढुरका पावडरीसारखा थर आलेला, आतून गडद केशरी, देठ वाळलेला भोपळा घ्या. एवढ्यावरही पाणी वाटलं तर वाफवलेला लगदा पंच्यात बांधून तासभर टांगा. खाली गळलेलं पाणी आमटीत घाला. कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करायच्या भानगडीत पडू नका, फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं.

प्रश्न : भोपळा फोडला, थोडा कच्चा चाखला तर कडू लागला. गूळ आणि मसाले घातल्यावर कडूपणा जाईल ना?
— देवरुख

उत्तर : जाईल की नाही हे बघूच नका, तो भोपळा टाका. गुरांनाही घालू नका. काकडी-दुधीच्या कुळात कधीकधी जो कडूपणा उतरतो तो विषारी असतो, शिजवून नाहीसा होत नाही. त्याने उलट्या-जुलाब होतात आणि माणूस दवाखान्यात पोचतो. मी प्रत्येक भोपळ्याचा नखाएवढा तुकडा आधी जिभेला लावून थुंकते, मगच पुढची फोड. तुम्ही चाखलात हे फार चांगलं केलंत. त्याचं बी पुढच्या वर्षी लावू नका.

प्रश्न : नातू दहा महिन्यांचा आहे. त्याच्यासाठी गुळाऐवजी मध घालून केला तर?
— रत्नागिरीची एक आजी

उत्तर : आजी, मध नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूसुद्धा नये. वर ज्या जिवाणूचं लिहिलं त्याचेच बीजाणू मधात असू शकतात. मोठ्यांना त्याचा त्रास होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते वाढतात. शिजवूनही धोका राहतो. नातवाला वाफवलेला भोपळा नुसता मऊ कुस्करून, थेंबभर तूप घालून द्या. त्याला गूळही लागत नाही, भोपळा मुळात गोड आहे.

प्रश्न : आमचा बचत गट गणपतीपुळ्याच्या वाटेवर स्टॉल लावतो. आंबापोळी, फणसपोळी, कोकम सरबत खपतं. पर्यटक काहीतरी नवीन मागतात. भोपळ्याचा मावा बाटलीत भरून ठेवला तर चालेल?
— गटातल्या दोघी

उत्तर : तुमची उमेद मला समजते, आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते. स्टॉलवर उन्हात ठेवायच्या बाटल्या करू नका. पर्यटक ती पुण्या-मुंबईला नेणार, महिनाभर ओट्यावर ठेवणार, मग उघडणार. तुमच्या हातून कोणाच्या लेकराला अपाय व्हायला नको. खरोखरच करायचा असेल तर आधी अन्न सुरक्षा नोंदणी आणि कृषी विद्यापीठाच्या प्रक्रिया विभागाचा सल्ला घ्या. आम्लता मोजून, प्रयोगशाळेत तपासून कृती पक्की होईपर्यंत विक्री नको.

तोवर मावा तिथल्या तिथे खाऊ घाला. सकाळी घरून बर्फाच्या डब्यात एक किलो न्या. तव्यावर गरम घावन टाकायचं, त्यावर चमचाभर मावा पसरायचा, वर ओलं खोबरं, घडी घालून केळीच्या पानावर द्यायचं. तांदळाच्या जाळीदार घावनात तो मावा शिरतो आणि गरम झाला की दालचिनीचा वास रस्त्यापर्यंत जातो. उरलेला संध्याकाळी परत साठवू नका.

प्रश्न : आमच्याकडे पावसात वीज चार-चार तास, कधी दिवसभर जाते. फ्रिजमधला मावा ठेवू की टाकू?
— मंडणगड

उत्तर : हा प्रश्न कोकणातल्या माणसालाच पडतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. पहिल्याच दिवशी फ्रिज रिकामा करताना किती जपून ठेवलेलं टाकलं ते अजून आठवतं.

फ्रिजचं दार उघडलं नाही तर आत साधारण चार तास गारवा टिकतो. भरलेला फ्रीझर दार बंद ठेवून दोन दिवसांपर्यंत तग धरतो. म्हणून वीज गेली की आधी घड्याळ बघा आणि पोरांना दार उघडू देऊ नका. चार तासांच्या वर गेलं आणि बाटली हाताला गार लागत नसेल तर मावा टाका, परत आटवून वापरू नका. जून ते सप्टेंबर मी एका वेळी अर्ध्या किलो भोपळ्याचाच करते. अडीचशे ग्रॅम मावा चार माणसांत तीन दिवसांत संपतो, विजेची वाट बघावी लागत नाही.

प्रश्न : ताई, एवढी साल आणि बिया निघतात, त्याचं काय करता?
— खेड

उत्तर : साल जाडसर निघाली असेल तर बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतते. सुकं खोबरं, तीळ, दोन सुक्या मिरच्या, लसूण वेगळं भाजून सालीबरोबर जाडसर कुटते, मीठ घालते. दोडक्याच्या शिरांची चटणी करतो तशीच. बियांचा बुळबुळीतपणा राखेने किंवा कणकेच्या कोंड्याने चोळून धुवा, सुपात पसरून दोन उन्हं दाखवा आणि मिठाच्या पाण्याचा हबका मारून लोखंडी कढईत भाजा. फुटल्याचा आवाज यायला लागला की उतरवा. सगळ्यात टपोऱ्या वीस-पंचवीस बिया मात्र भाजायच्या आधीच बाजूला काढून, राखेत घोळवून कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. पुडीवर भोपळा गोड होता की पाणचट ते लिहा. मृगाला आळ्यात टाकताना ते उपयोगी पडतं.